काळजी करणारे आणि काळजी घेणाऱ्या



या अंकाचा विषय ठरवायला आपण बसलो तेव्हा एका जुन्या कार्यकर्तीने सरळच विचारलं, "म्हातारपण हा आपला विषय कधीपासून झाला? त्यासाठी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत की." प्रश्न रास्त होता. हुंडा, मारहाण, टाकलेल्या बायका, रेशन, दारू यांवर आपण वर्षानुवर्षं बोललो, मोर्चे काढले. म्हातारपणावर फारसं बोललो नाही. पण मी गेली नऊ वर्षं ज्या कामावर पोट भरते, ते काम घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीची व्यवस्था लावण्याचं आहे. आणि त्या घरांमध्ये मला पुरुष क्वचितच भेटतो. अंथरुणावर बाई, उशाशी बाई, आणि पगारी कामाला येते तीही बाई. पुरुष बहुधा फोनवर असतो. म्हणून या वेळचं संपादकीय मी लिहावं असं ठरलं.

कुर्डुवाडीत माझं काम काय, हे सांगायला मला अजून धड शब्द सापडलेला नाही. मोठ्या शहरांत 'केअर मॅनेजर' म्हणतात. 'देखभाल व्यवस्थापक' म्हटलं की एखाद्या सरकारी गोदामाची आठवण होते. इथल्या बायका विचारतात, "ताई, तुमी पेशंटला बाई पुरवता म्हणं?" नाही, बाई पुरवणारे ब्यूरो वेगळे. मी घरी जाते आणि त्या माणसाला काय जमतं, काय जमत नाही ते पाहते. स्वतःचं स्वतः उठता येतं का, संडासपर्यंत जाता येतं का, गोळ्या कोण मोजून देतं, बँकेचं पासबुक कोणाच्या कपाटात असतं, रात्री हाक मारली तर ऐकायला कोण आहे. मग घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलते. वेगवेगळंच बोलावं लागतं, कारण सासूसमोर सून तोंड उघडत नाही आणि सुनेसमोर सासू 'माझं समदं झ्याक हाय' म्हणते. त्यानंतर डॉक्टर, बँक, तहसील, ब्यूरो आणि दूरची मुलं यांची मोट बांधायची, आणि महिन्याने पुन्हा जाऊन बघायचं की ठरलं ते होतंय का. एम.एस.डब्ल्यू.ला 'केसवर्क' म्हणून जे शिकवलं तेच हे. अमेरिकेत असं काम करणाऱ्यांनी १९८५ साली आपली संघटना काढली, आणि तिथे हा मान्य व्यवसाय आहे. आपल्याकडे पुण्या-मुंबईत त्याची दुकानं निघाली आहेत. तालुक्याच्या पातळीवर मात्र अजून समजावून सांगावं लागतं.

कामाचं एक उदाहरण देते. (या लेखातल्या सगळ्या घरांच्या खुणा मी बदलल्या आहेत.) रेल्वेतून निवृत्त झालेल्या फिटरची विधवा, वय ब्याऐंशी. घरच्यांनी मला बोलावलं ते आजी रात्री ओरडतात म्हणून. डॉक्टरांनी लघवीच्या संसर्गाचं निदान केलं, औषध दिलं, ओरडणं थांबलं. पण कागद चाळताना दिसलं की आजींच्या पेन्शनच्या आदेशात त्यांची जन्मतारीखच नाही. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या कुटुंबनिवृत्तिवेतनात वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की २० टक्के वाढ मिळते, ८५ नंतर ३० टक्के, ९० नंतर ४० टक्के. मात्र बँकेला जन्मतारीख दिसली तरच. किमान कुटुंबनिवृत्तिवेतन ९,००० रुपये धरलं तरी ही वाढ १,८०० रुपये होते, वर महागाई भत्ता. म्हणजे श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून मिळणाऱ्या १,५०० रुपयांपेक्षा नुसती वाढच जास्त. दोन वर्षं ती कोणी मागितलीच नव्हती. आधार कार्डावर आजींचा जन्म १ जानेवारीचा. आपल्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीलाच जन्मलेल्या आहेत, कारण तारीख ठाऊक नव्हती आणि रकाना तर भरायचा होता. त्या पुराव्यासाठी तीन महिने हेलपाटे झाले. पण पैसे आजींच्या खात्यावर येऊ लागले त्या महिन्यापासून घरातला सूर बदलला. आजींना स्वतंत्र खाट आली. सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता डायपरचं पैशे मागायला मला भावाकडं जावं लागत न्हाई." तोवर डायपर कोणाच्या पैशाने येत होते, हा प्रश्न त्या घरात मीही विचारला नव्हता. आमच्या छापील फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

कुर्डुवाडीत अशी घरं बरीच आहेत, त्याला कारण रेल्वे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि हे गाव त्या छोट्या लाईनचं ठाणं बनलं. वर्कशॉप आलं, क्वार्टर्स आले, नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची माणसं येऊन राहिली. पुढे छोटी लाईन ब्रॉडगेज झाली. त्या नोकऱ्यांवर ज्यांनी मुलं शिकवली, त्यांची मुलं पुण्याला गेली. हुतात्मा एक्स्प्रेसने यायचं, आईचं औषध आणि केळी ठेवायची, सुट्टी संपली की परत. ज्याची शेती किंवा छोटं दुकान आहे तो मुलगा मागे राहतो, आणि त्याची बायको आपोआप सगळ्या भावांच्या आईची परिचारिका होते. तिला कोणी विचारलेलं नसतं. भाऊ-भाऊ मिळून ठरवतात, "आई तुमच्याकडंच बरी, तिला पुण्याची हवा मानवत नाही."

मराठीत 'काळजी करणं' आणि 'काळजी घेणं' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पुण्याचा मुलगा काळजी करतो, मनापासून करतो. रात्री झोप येत नाही म्हणून मला अकरा वाजता फोन करतो. काळजी घेते ती सून. चादर बदलते, कूस वळवते, पाठीला जखम झाली तर साफ करते, खीर भरवते. काळजी करणाऱ्याला गावात श्रावणबाळ म्हणतात. घेणारीचं चुकलं तेवढंच दिसतं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. आपल्याला हे आकडे कळायची गरज नव्हती, पण सरकारने मोजले हे बरं झालं. रात्री तीनदा उठणं मात्र अशा पाहणीत कितीसं येत असेल! आणि लेकीचं काय? वडील गेल्यावर भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करून दिलेली लेक आईचं खुब्याचं हाड मोडलं की दीड महिना माहेरी येऊन राहते. जमिनीत तिचा वाटा नाही, आजारपणात पूर्ण आहे.

आता माझ्या व्यवसायातली खरी अडचण सांगते. शिक्षण संपल्यावर चार वर्षं मी पुण्यातल्या एका खाजगी कंपनीत हेच काम केलं. नाव सांगत नाही. पॅकेज होती, मुलगा परदेशात, आई-वडील फ्लॅटमध्ये. मुलाला दर आठवड्याला फोटोसह अहवाल पाठवायचा. आईचा रक्तदाब किती, जेवण किती, मूड कसा. अहवालाच्या खाली एक रकाना असे : 'कर्मचाऱ्याबद्दल तक्रार'. कर्मचारी म्हणजे बारा तास त्या घरात राबणारी बाई. तिची तक्रार लिहायला रकाना नव्हता. ग्राहक जे पैसे देई त्यातले जेमतेम निम्मे तिच्या हातात पडत. एका घरात आजोबा अंगाला हात लावतात असं एकीने मला सांगितलं. मी वरिष्ठांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचं घर बदललं, तिथे दुसरी बाई गेली, आणि अहवालात मी लिहिलं, 'आजोबांची तब्येत स्थिर.' कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घरकामगार बाईलाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला जाता येतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी तिला सांगितलं नाही. त्या वाक्याखाली माझी सही आहे.

तेव्हापासून हा प्रश्न सुटलेला नाही : माझं वकीलपत्र कोणाचं? पैसे मुलगा देतो. देखभाल आईची. पुस्तकात उत्तर सोपं आहे, ज्याची गरज तो आपला 'क्लायंट'. पण कुर्डुवाडीच्या दोन खोल्यांच्या घरात एकीची गरज दुसरीच्या पाठीवरून भागवली जाते. सासूची योजना नीट आखायची म्हणजे सुनेच्या दिवसाचे आणखी चार तास घ्यायचे, असं होऊ शकतं. मी ते केलेलंही आहे. 'दर दोन तासांनी कूस बदलावी' असं कागदावर लिहिणं फार सोपं आहे. हल्ली मी योजनेच्या कागदावर प्रत्येक कामापुढे नाव लिहायला लावते. कूस कोण बदलेल, रात्री कोण, रविवारी कोण, सून माहेरी गेली की कोण. पुण्याच्या भावापुढे नुसतं 'पैसे' लिहून चालत नाही, तिथे वर्षातले दिवस लिहायचे. असा कागद बऱ्याच घरांनी फाडला. काहींनी देवघराशेजारी चिकटवला.

कायद्याचं बोलायला हवं, कारण त्यातून आपल्यात दोन तट पडले आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. त्याचं न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी, आणि प्रांत कचेरी आपल्या गावातच आहे. निर्वाहाची रक्कम जास्तीत जास्त दरमहा १०,००० रुपये. निकाल ९० दिवसांत लागावा, फार तर ३० दिवस वाढवून. म्हाताऱ्या माणसाला स्वतः अर्ज करणं शक्य नसेल तर त्याच्या वतीने नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. हे वाक्य पुन्हा वाचा. आपली मंडळं नोंदणीकृत आहेत. आणि मालमत्ता बक्षीसपत्राने देताना 'देखभाल करण्याच्या अटीवर' हे शब्द लिहून घेतले असतील तर देखभाल न झाल्यास ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. सही करण्याआधी म्हाताऱ्या बायकांना एवढं एकच सांगितलं तरी पुष्कळ घरं वाचतील.

या कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात. सून नाही. लेकीची जबाबदारी तर आधीपासूनच आहे. कल्याणच्या एका डॉक्टर बाईंकडून त्यांच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. ते विजया अरबट प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७ साली निकाल लागला की लग्न झालेली, कमावती मुलगीही आई-वडिलांना पोसायला बांधील आहे. आपल्यातल्या कित्येकींना तो निकाल तेव्हा खटकला असेल; मला तो बरोबर वाटतो. लेक आई-वडिलांची असते हे कायद्याने मान्य केलं, तर वाट्याच्या वेळीही ती त्यांचीच असते. पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत जे दुरुस्ती विधेयक आलं, त्यात 'मुलं' या शब्दात सून आणि जावईही घातले होते. विधेयक मंजूर झालं नाही, २०२४ साली लोकसभेबरोबर विरलं. पुन्हा येऊ शकतं. सुनेच्या नावावर घर नाही, शेत नाही, हातात पैसा नाही, आणि निर्वाहाची जबाबदारी मात्र कायद्याने तिची, हे आपल्याला चालणार आहे का, याचा विचार ते पुन्हा येण्याआधी करायला हवा.

उलट बाजूही आहे. ज्येष्ठांचा हा कायदा सुनेला घराबाहेर काढायला वापरला जातो. बंगळूरच्या एका सुनेच्या बाबतीत असंच झालं होतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला मिळालेला राहत्या घराचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याने झटपट पुसता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील. हा निकाल प्रत्येक मंडळाच्या फायलीत असावा.

माझ्याकडे सध्या असंच एक घर आहे. सासू शहात्तर वर्षांची, लकव्याने डावी बाजू गेलेली. सून विधवा, अंगणवाडीत मदतनीस, पदरात दहावीतली मुलगी. पुण्याच्या धाकट्या मुलाने मला नेमलं, फी वेळेवर दिली. दुसऱ्या महिन्यात त्याने विचारलं, "मॅडम, वहिनी आईकडं बघत नाहीत असं तुम्ही लिहून द्याल ना?" घर विकायचं होतं. मी सासूशी दोन दुपारी बोलले. त्यांची तक्रार होती, खोटी नव्हती. सून सकाळी गडबडीत अंगावर गार पाणी ओतते, जोरात बोलते, श्रावणबाळचे पैसे स्वतःजवळ ठेवते. सुनेला विचारलं तर म्हणाली, "आत्याबाईंना आंघोळ घालून मला साडेनवाला अंगणवाडी गाठायची असती. पाणी तापवायला ग्यास कुठला आणू?" शेजारणीच्या मुलीला सकाळचा एक तास पगारी लावला, पासबुक सासूच्या उशाखाली आलं, बोलणं थोडं मऊ झालं. तेवढंच झालं. मुलाला हवं ते लिहून दिलं नाही, उरलेल्या महिन्यांची फी परत केली. त्याने सासूचा अंगठा घेऊन प्रांत कचेरीत अर्ज टाकलाच. आता तारखेला जायचं आहे. आपल्या बैठकीत मला विचारलं गेलं की मी सासूच्या बाजूने जाणार की सुनेच्या. दोघींना मी एकाच रिक्षाने नेणार आहे. तिथे काय बोलायचं ते त्या दोघी ठरवतील. या उत्तराने काहींचं समाधान झालं नाही. एक जण म्हणाली, हा सगळा बोटचेपेपणा आहे, सुनेच्या बाजूने उभं राहायला हवं. असेलही. मात्र त्या घरातली सासूही कधीतरी कोणाची सून होती आणि तिच्या नावावरही त्या घराचा उतारा नाही, हे मी प्रांत कचेरीत गेल्यावरच पाहिलं. घर सासऱ्याच्या नावावरच राहिलेलं आहे. वारस कोणी लावलेच नाहीत.

तिसरीबद्दल थोडं. 'चोवीस तासांची बाई' हा शब्द आपणही सर्रास वापरतो. चोवीस तास काम करणारा गडी कोणी पाहिला आहे का? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, त्यात नोंदणी १८ ते ६० वयाची. माझ्या ओळखीत आजाऱ्याकडे राहणाऱ्या चार जणी साठीच्या पुढच्या आहेत. म्हाताऱ्या बाया म्हाताऱ्यांना उचलतात. त्यांना आठवड्याची सुट्टी, जेवण, निजायला कोपरा, आणि उचलण्याची रीत शिकवणारं कोणी, एवढं मी आता कामाच्या कागदात आधी लिहून घेते. त्यासाठी दोन घरं मोडली.

एम.एस.डब्ल्यू.च्या मुली फिल्डवर्कला येतात तेव्हा विचारतात, "मॅडम, यात करिअर आहे का?" खरं सांगते. माझ्याकडे अकरा घरं आहेत, त्यातली सहा फी देतात. बाकीच्यांना परवडत नाही, आणि तिथेच गरज जास्त. नवऱ्याच्या पगारावर आमचं घर चालतं. फुकटच्या कामावर चालणाऱ्या व्यवस्थेवर टीका करणारी मी तिच्याच टेकूवर उभी आहे. शिवाय मी दुसऱ्यांच्या घरी असताना माझ्या सासूबाईंना दुपारचं औषध शेजारच्या काकू देतात. त्यांना मी काय देते? दिवाळीला साडी.

तरी हा व्यवसाय व्हावा असं मला वाटतं, आणि तो बायकांनी बायकांच्या बाजूने उभा करावा. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथून तरुण विधवा परिचारिका होऊन बाहेर पडल्या. शुश्रूषा हे बाईचं नैसर्गिक काम म्हणून घरात फुकट चालत होतं, त्याला शिक्षण, गणवेश आणि पगार मिळाला. लोकांनी तेव्हा नावं ठेवलीच. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, त्यात डॉक्टर आहेत, खाटा आहेत; पण घरी जाऊन सुनेला 'तू किती वाजता झोपतेस?' विचारणारं पद नाही. प्रत्येक प्रांत कचेरीत ज्येष्ठांच्या अर्जांसाठी पगारी, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असावी, ही मागणी आपण करायला हवी. मानधनावर नको. मानधन म्हणजे काय, ते अंगणवाडीतल्या बायकांना विचारा.

तोवर आपल्या गटांनी करण्यासारखं पुष्कळ आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगा लागतात आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा दोन दिवस तिथे टेबल टाकून बसा. विधवा पेन्शनरांच्या कागदावर जन्मतारीख आहे का ते बघा. १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा नंबर गावात भिंतीवर लिहा.

पुढच्या अंकासाठी पत्रं हवी आहेत. तुमच्या घरात किंवा गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कोण करतं, किती वर्षं, त्या बाईने शेवटची रजा कधी घेतली, तिच्या नावावर काय आहे, एवढंच लिहा. नाव नको असेल तर नको. लिहिता येत नसेल तिचं दुसरीने ऐकून लिहावं. पत्रं मासिकाच्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवा.